समुद्राची वहिवाट

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्याची नजर नकळत जमिनीला खिळून राहते. सर्व्हे नंबर, हिस्सा, आकार, चतुःसीमा, पीकपाहणी यांच्या पलीकडेही माणसाचा एखादा हक्क असू शकतो आणि त्या हक्कावर शेकडो घरांच्या चुली पेटत असतात, ही गोष्ट ध्यानी येण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. माझ्या ती ध्यानी आली ती एका कायद्यामुळे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि त्याच वर्षाचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम राज्याच्या कायद्यांत दाखल झाला. निषिद्ध मासेमारीच्या प्रकरणांचा निवाडा या अधिनियमाने तहसीलदारांकडे सोपविला होता. पुढे किनाऱ्यावरच्या तालुक्यांत बदलीच्या नोकरीवर फिरत असता त्या प्रकरणांचे दप्तर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ज्या समुद्राकडे मी तोवर केवळ गावाची पश्चिम सीमा म्हणून पाहत होतो त्याच्या पोटातल्या तंट्यांची कागदपत्रे मी वाचू लागलो.

हा कायदा करण्याची पाळी का आली, हे थोडे सांगितले पाहिजे. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत यांत्रिक ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर वाढले. समुद्राचा तळ खरवडीत जाणारी त्यांची जाळी उथळ पाण्यात शिरू लागली तेव्हा गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले, ठिकठिकाणी भर समुद्रात होड्या ट्रॉलरांना भिडल्या, आणि किनाऱ्यालगतचे पाणी लहान साधनांच्या मच्छीमारांसाठी राखून ठेवले पाहिजे हे तत्त्व एकामागून एक किनारी राज्यांच्या कायद्यांत उतरले. आपल्याकडे ही मर्यादा पाण्याच्या खोलीवरून बांधलेली आहे; कोठे पाच वाव, कोठे दहा वाव, त्याच्या आत ट्रॉलरने येऊ नये असा दंडक. राज्याचा अंमल बारा सागरी मैलांपर्यंत चालतो आणि त्यातला हा काठाचा पट्टा होडीवाल्याचा, एवढे कागदावर निर्विवाद होते. परंतु त्या पट्ट्यात कोणत्या जागी कोणाची जाळी पिढ्यानुपिढ्या लागत आली, याविषयी कायद्यात एक अक्षर नव्हते आणि आमच्या दप्तरातही नव्हते.

डोलीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांना या उणिवेचे गांभीर्य कळणार नाही. डोल हे मुखाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले जाळे. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना त्याचे तोंड प्रवाहाच्या सामोरे बांधून ठेवतात, आणि भरती-ओहोटीचे पाणीच मासळी त्यात आणून घालते. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी ही या किनाऱ्यावरच्या गरीब घरांची मासळी मुख्यतः अशी येते. हे जाळे मासळीचा पाठलाग करीत नाही, ते एका जागी वाट पाहते. म्हणून त्याचे सारे बरेवाईट जागेवर अवलंबून असते. पाण्याला ओढ कोठे आहे, तळ चिखलाचा कोठे आणि खडकाळ कोठे, उधाणाला खुंट तगेल की नाही, हे ज्ञान पिढ्यांच्या अनुभवाने साठलेले असते, आणि त्या ज्ञानाच्या आधारे ठरलेली जागा बापाकडून मुलाकडे येते. एकाच्या जागेत दुसरा जाळे लावीत नाही. लावलेच तर त्याला गावकीपुढे जाब द्यावा लागतो. गावागावांमध्येही या हद्दींचे भान असते, आणि ते सुटले म्हणजे काय होते हे उत्तरेकडे वसई-उत्तन आणि पालघर-डहाणू यांच्यात कवींवरून, म्हणजे डोलीच्या ठरलेल्या जागांवरून, वर्षानुवर्षे चाललेल्या वादाने दाखविले आहे. जमिनीवर याला आम्ही वहिवाट म्हटले असते, वारसनोंद घेतली असती, फेरफार केला असता. समुद्रात ती केवळ माणसांच्या स्मरणात राहिली.

एका थोरल्या तांडेलाचा जबाब मी लिहून घेतला होता. रात्रीच्या वेळी राखीव हद्दीत शिरलेल्या ट्रॉलरने त्याचे डोलीचे जाळे दोरखंडासह ओढून नेले होते आणि एक खुंट मोडला होता. जागा कोठली, असे विचारता त्याने सांगितले की, सागरगडाचा माथा कुलाब्याच्या किल्ल्यामागे सरळ उभा राहतो आणि कनकेश्वराचा डोंगर थळच्या बंदरावर येतो, त्या दोन खुणा जेथून एकाच वेळी धरता येतात ती माझ्या बापाची जागा. प्रतिपक्षाच्या वकिलांनी हरकत घेतली की असले वर्णन पुराव्यात रुजू होऊ शकत नाही. तांडेलाने काही वाद घातला नाही. मला होडीत बसवून न्या, एवढेच तो म्हणाला. पुढे गस्तीनौकेवरून त्याला नेण्यात आले, त्याने डोंगरांकडे पाहत नौका उजवीकडे-डावीकडे घ्यायला लावली, आणि थांबा म्हणाला तेथे यंत्रावर अक्षांश-रेखांश घेतले गेले. मोडलेल्या खुंटाचा अवशेष आणि त्याला गुंडाळलेला दोराचा तुकडा त्याच ठिकाणी मिळाला. जमिनीच्या मोजणीत साखळी आणि फलक घेऊन आम्ही ज्या अचूकपणाचा अभिमान बाळगतो, तो या मनुष्यापाशी डोळ्यांच्या बळावर होता. त्याच्या जबाबाची ती पाने पुन्हा वाचताना माझ्या मनात एकच विचार येई: या मनुष्याच्या मागे ही जागा कोण सांगणार?

ट्रॉलरचा अपराध निदान दृश्य तरी होता. तुटलेले जाळे पंचांना दाखविता येई. पर्ससीन जाळी आणि त्यांच्या जोडीला आलेले प्रखर दिवे यांनी मामला कितीतरी अवघड केला. बांगडा, तारली यांसारखी थव्याने फिरणारी मासळी हेरून तिच्याभोवती हे जाळे फेर धरून सोडतात आणि तळाच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढून खालचे तोंड आवळतात. सबंध थवा, त्यातल्या लहानथोर जीवांसह, एका वेळी वर येतो. त्यात नौकेवर जनरेटर बसवून हजारो वॉटचे एलईडी दिवे पाण्यावर रोखले की काळोख्या रात्री दूरदूरची मासळी आपण होऊन उजेडाकडे ओढली जाते, आणि काठाकडे येण्यापूर्वीच संपते. किनाऱ्यावर जाळे टाकून बसलेल्या होडीवाल्याला क्षितिजावर तेवढा उजेड दिसत राहतो. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा दिव्यांच्या आणि बैलजोडीसारख्या दोन नौकांनी जाळे ओढण्याच्या मासेमारीला बंदी घातली. पण ही बंदी शाबीत कशी करावी हा प्रश्न उरलाच.

कारण हे काम एकाच नौकेने होत नाही. एका नौकेवर दिवे असतात. तिच्यावर जाळे नसते आणि मासळीही नसते. दुसरीवर जाळे आणि मासळी असते. दिवा एकही नसतो, आणि पर्ससीनचा परवाना रीतसर असतो. गस्तीनौकेचा आवाज ऐकू येताच दिवे मालवले जातात, नौका दोन दिशांना निघून जातात, आणि पंचनाम्यात ज्या दोन निरपराध नौकांची नोंद होते त्या दोघींनी मिळून एक अपराध केलेला असतो. एकदा बंदरावर मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या एका वृद्धेने मला विचारले, "भाऊसाहेब, बत्ती इझली का चोर कोन नि साव कोन, तं वलखाचा कसा?" कायद्याच्या पुस्तकात मला याचे उत्तर सापडले नाही.

नुकसान केवळ आजच्या मिळकतीचे असते तर दंडाने ते काही अंशी भरूनही आले असते. शिंगाळा नावाच्या माशाचे उदाहरण या बाबतीत माझ्या मनातून कधी गेले नाही. मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात धरतो आणि पिले बाहेर येईपर्यंत उपाशी राहून त्यांचे रक्षण करतो. असे नर थव्याने वर आलेले असता पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी त्यांचे थवेच्या थवे उचलले आणि नौकांच्या फळ्यांवर त्यांच्या तोंडांतून अंड्यांचे ढीग सांडले, हे मत्स्यशास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. एका रात्रीत दोन पिढ्या नष्ट झाल्या. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला आणि त्याच वर्षी चोपन्न जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासळी धरू नये म्हणून. पापलेटसाठी ती १३५ मिलीमीटर आहे. परंतु दिव्याखाली आवळलेल्या जाळ्याला लांबी मोजता येत नाही, आणि एकदा फळीवर पडलेले पिलू पाण्यात परत टाकले तरी जगत नाही.

कचेरीतल्या कामकाजाचीही एक कहाणी आहे. जुन्या तरतुदीप्रमाणे दंडाची कमाल मर्यादा धरलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपट अशी होती. मासळी हा नाशवंत मुद्देमाल. जप्तीनंतर तिचा लिलाव तत्काळ करावा लागतो. नौका बंदरात आणीपर्यंत जेवढी मासळी तिच्यात राहिली असेल तेवढीच हिशेबात येते, आणि रात्री समुद्रातच दुसऱ्या नौकेवर चढलेली मासळी कोणत्याही कागदावर येत नाही. परिणामी लाखोंच्या कमाईवर दंडाचा आकडा असा पडे की, तो धंद्याच्या खर्चातच धरला जाई. फिर्यादी मात्र तारखेला हजर राहण्यासाठी होडी बांधून ठेवी आणि दिवसाची रोजी गमावी. डोलीचा खरा धंदा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला असतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी मंदावते आणि माणसे मोकळी असतात. हे समजल्यावर मी तारखांची यादी साहेबांपुढे ठेवताना शेजारी पंचांग ठेवू लागलो आणि या प्रकरणांच्या तारखा भांगावर धराव्यात अशी विनंती करू लागलो. साहेब सज्जन होते. त्यांनी ती मान्य केली, आणि फिर्यादी व साक्षीदार गैरहजर राहिले म्हणून निकाली निघणारी प्रकरणे कमी झाली. एवढ्या साध्या गोष्टीने न्याय थोडा जवळ येतो, हे मला त्या टेबलाने शिकविले.

हक्काचे रक्षण करणाऱ्यांना बेकायदा जाळ्यांखेरीज दुसऱ्याही एका दबावाशी झुंजावे लागते, आणि तो मी उरण तालुक्यात पाहिला. घारापुरी बेटावर सरकारी कामासाठी जाण्याचे प्रसंग येत. लेणी पाहून दुपारच्या लाँचने परतणाऱ्या प्रवाशांना शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या क्वचितच दिसतात. मुंबईच्या झगमगाटासमोर असलेल्या या बेटावर समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज पोहोचली ती २०१८ साली. बेटाच्या सभोवार तेलवाहू जहाजे, मालवाहू जहाजे, त्यांच्यासाठी खोल केलेले मार्ग, आणि या सर्वांच्या मधल्या फटीत कोळ्याने आपली होडी हाकावी अशी स्थिती. त्याच परिसरातील उरण, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा येथील पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या विस्तारामुळे भरतीचे पाणी अडले, खारफुटी गेली आणि मासेमारीच्या जागा बुजल्या अशी तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली, आणि पुण्याच्या पीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम दिला. त्या निकालाचे महत्त्व मला रकमेपेक्षा एका वेगळ्याच कारणाने वाटले. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही अशा माणसांचेही काही हरवू शकते आणि जे हरवते त्याला किंमत असते, हे एका न्यायासनाने मान्य केले होते.

या सर्व कथेत पर्ससीनच्या मालकांना केवळ खलपुरुष ठरविणे मला कधी पटले नाही. त्यांच्यातले अनेक जण याच कोळीवाड्यांतले आहेत. मोठी नौका, मोठे इंजिन आणि मोठे जाळे यांसाठी कर्जे काढा असा सल्ला एका काळी सरकारी धोरणानेच दिला होता, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला नाखवा डिसेंबरअखेर हंगाम संपला म्हणून जाळे गुंडाळून घरी बसत नाही. एकाच आडनावाची माणसे फिर्यादी आणि प्रतिवादी म्हणून समोरासमोर उभी राहिलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरच्या बायका बाहेर ओट्यावर एकमेकींजवळ बसलेल्याही पाहिल्या आहेत. म्हणून या प्रश्नाला दंड हे एक उत्तर असले तरी पुरते उत्तर नव्हे. मोठ्या जाळ्यांची संख्या समुद्राच्या कुवतीत आणणे हे खरे. भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. सोमवंशी यांच्या समितीने तेच सुचविले, आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत उतरविण्याचे आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवण्याचे ठरले.

पुढे २०२१ साली अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे गेले, दंडाचा मासळीच्या किमतीशी असलेला संबंध तुटला, आणि दिव्यांच्या मासेमारीला पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. माझे दप्तर मी त्या खात्याच्या स्वाधीन केले. ते योग्यच झाले असे माझे मत आहे. ज्या अधिकाऱ्याला महिनाभर निवडणूक, टंचाई आणि अतिवृष्टीचे पंचनामे पाहायचे असतात त्याच्याकडे समुद्राचा न्याय असणे कोणाच्याच हिताचे नव्हते. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळत ठेवली जात आहे. दिवे मालवण्यापूर्वीचे छायाचित्र हाती असणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या वृद्धेच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर त्यातून मिळेल.

तरीही मूळ उणीव शिल्लक आहेच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाल्यानंतर प्रत्येक नौकेची नोंदणी झाली, प्रत्येक खलाशाला बोटांच्या ठशांचे ओळखपत्र मिळाले, समुद्रात जाताना आणि येताना हजेरी लागू लागली. शासनाला आज समुद्रात जाणारा प्रत्येक माणूस ठाऊक आहे. तो कोणत्या जागी जाळे लावतो, ती जागा त्याला कोणाकडून आली आणि तिच्या शेजारी कोण आहे, हे मात्र ठाऊक नाही. या पाण्याला कागदाचे वावडे कधी नव्हते. कान्होजी आंग्र्यांच्या काळात येथून जाणाऱ्या गलबतांना दस्तक घ्यावे लागे. म्हणजे व्यापाऱ्याच्या वाटेची नोंद झाली, सरकारच्या महसुलाची नोंद झाली, आणि ज्याने या पाण्यावर कायम वस्ती केली त्याच्या वहिवाटीची नोंद राहून गेली.

अशी नोंद अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने जपानकडे पाहावे. तेथील किनारी गावांचे जुने मासेमारीचे हक्क १९०१ च्या कायद्याने नोंदीत आले आणि १९४९ च्या कायद्याने ते मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे सोपविले गेले; आपल्या पाण्यात कोणी, कोणत्या साधनाने, कोणत्या ऋतूत मासे धरावेत हे तेथे गावची संस्था ठरविते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान मच्छीमारांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही रूढीने चालत आलेल्या हक्कांना मान्यता द्यावी असे सांगितले आहे. आणि आपल्या राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. विजेचे दर, कर्ज, विमा यांत त्याचा लाभ होईल, तो व्हावाच. पण शेतीचा दर्जा दिला तर शेतकऱ्याला जो पहिला आधार असतो, हक्काच्या नोंदीचा, तोही मच्छीमाराला मिळाला पाहिजे. व्यक्तीच्या नावावर समुद्राचे तुकडे करावेत असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर ते तुकडे पैसेवाल्यांच्या हाती जाण्यास वेळ लागणार नाही. नोंद गावाच्या आणि संस्थेच्या नावाने व्हावी, तीत जागा, साधन आणि ऋतू लिहिलेले असावेत, आणि राखीव हद्दीत शिरलेल्या नौकेविरुद्ध ती पुरावा म्हणून चालावी.

हे काम सरकारने सुरू करावे म्हणून वाट पाहू नये, अशी माझी विनंती करंजापासून भरडखोलपर्यंतच्या मच्छीमार सहकारी संस्थांना आहे. प्रत्येक कोळीवाड्यात खुणा धरून जागा सांगू शकणारी दोन-चार वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांना भांगाच्या दिवसांत होडीतून न्यावे, संस्थेच्या तरुणांनी मोबाईलवर अक्षांश-रेखांश घ्यावेत, खुणांची नावे त्यांच्याच शब्दांत लिहावीत, शेजारच्या गावच्या पंचांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्या वहीची एक प्रत मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखल करून पोच घ्यावी. ज्या तांडेलाचा जबाब मी लिहिला तो आता हयात नाही. त्याची जागा मात्र एका निकालपत्रात अक्षांश-रेखांशासह नोंदलेली आहे, आणि त्याचा मुलगा आजही तेथेच डोल लावतो. इतरांच्या जागा लिहिण्याचे काम या हंगामात सुरू करावे.